बावन्न सालच्या बरण्या

मादाम केर्वेला पाऊण तास आधीच उगवल्या. साडेबाराचं जेवण म्हणजे बारा चाळीसच्या आत दारात उभं राहायचं नाही, हे व्होजच्या डोंगरात शेंबड्या पोरालाही कळतं. पण त्या पॅरिसहून आल्या होत्या. वाट चुकण्यासाठी राखून ठेवलेला वेळ, वाट न चुकल्यामुळे तसाच शिल्लक राहिला होता.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून जिझेलआत्यानं गाडी पाहिली. तिचे हात कोपरापर्यंत मिराबेलच्या रसानं चिकट झाले होते. टेबलावर त्या पिवळ्या, गोटीएवढ्या आलुबुखाऱ्यांच्या चार टोपल्या होत्या आणि पलीकडे बसून लुसिल एकेक फळ अंगठ्यानं उकलून बी काढत होती.

"आली तुझ्या आजीची वकील," आत्या म्हणाली. "बागेत बसव तिला. सांग, आत्या आंघोळीला गेलीय."

"या वेळेला?"

"पॅरिसच्या लोकांना आपल्याबद्दल काहीही खरं वाटतं."

लुसिल हसली, हात पुसत बाहेर गेली आणि पाहुणीला सफरचंदाच्या झाडाखाली बसवून परत आली. आत्या आंघोळीला वगैरे गेली नव्हतीच. ती टेबलाचा खालचा ड्रॉवर उघडून त्यात बघत उभी होती. लुसिल दिसताच तिनं तो गुडघ्यानं बंद केला.

त्या ड्रॉवरमध्ये काय आहे हे लुसिलला माहीत होतं. जॅमच्या बरण्यांत वर ठेवायच्या चकत्यांसाठीचा कागद. आणि त्या कागदावर, सर्वांत वर, मादाम केर्वेलांनी गेल्या वर्षी पाठवलेलं करारपत्र. सही न केलेलं.

बेर्त कोल्नो ही लुसिलची आजी आणि आत्याची आई. १९३१ ते १९४८ या काळात तिनं चार कादंबऱ्या लिहिल्या, आणि त्या गावातल्या मोजून नऊ माणसांनी वाचल्या, असं घरात म्हणत. १९६६ साली ती गेली तेव्हा वर्तमानपत्रात 'वनरक्षक कोल्नो यांची विधवा' एवढंच छापून आलं. मग चार वर्षांपूर्वी पॅरिसच्या एका प्रकाशनगृहाच्या संपादक मादाम केर्वेलांना नान्सीच्या जुन्या बाजारात तिचं एक पुस्तक सापडलं. त्यांनी लेख लिहिला. लेखावरून दुसऱ्यांनी लेख लिहिले. दोन कादंबऱ्या पुन्हा छापल्या गेल्या, रेडिओवर तासाभराचा कार्यक्रम झाला, आणि ज्या नगरपालिकेनं बेर्तच्या हयातीत तिला साधं वाचनालयाचं कार्ड द्यायला तीन महिने लावले होते, तिनं आता वाचनालयालाच तिचं नाव द्यायचं ठरवलं.

राहिली होती पाचवी, न छापलेली कादंबरी. 'गिरणीची घंटा'. चौदा प्रकरणं शाईनं सुवाच्य लिहिलेली, पंधरावं गायब. ती छापायची तर दोन्ही वारसांच्या सह्या हव्यात: जिझेलची आणि तिच्या धाकट्या भावाची, म्हणजे लुसिलच्या बाबांची, जिल्बेरची. जिल्बेर तयार होता. जिझेल दोन वर्षं 'बघू' म्हणत होती, आणि आज ते 'बघू' ऐकायला मादाम केर्वेला जातीनं आल्या होत्या.

का नाही म्हणते, याबद्दल घरात मतं होती. जिल्बेर म्हणायचा, हट्ट. आत्याचा मुलगा थिएरी म्हणायचा, कादंबरीतली घुमी मुलगी आईवर बेतलेली आहे म्हणून. लुसिल कागद गिरणीच्या प्रयोगशाळेत काम करायची आणि पुरेशी मोजमापं हाती आल्याशिवाय मत द्यायचं नाही अशी तिची सवय होती. ती म्हणायची, मला माहीत नाही. त्यामुळे दोन्ही पक्ष तिला आपल्यात धरत.

"आत्या, आज तरी काय ते सांगून टाक तिला."

"आधी जेवूया. उपाशी पोटी पॅरिसशी बोलू नये."

*

थिएरी आणि जिल्बेर रीतसर पाऊण वाजता आले. थिएरीचं तळ्याकाठी छोटं हॉटेल होतं. आल्या आल्या त्यानं मादाम केर्वेलांच्या हातात नवं मेन्यूकार्ड ठेवलं. त्यात तिसऱ्या ओळीवर होतं: मोहरीतला ससा, बेर्त कोल्नो पद्धतीनं.

"कोणती पद्धत?" जिल्बेरनं विचारलं. "आई ससा करपवायची."

"मामा, ते छापायचं नसतं."

"बटाटे पण करपवायची. एका हातात पेन्सिल, एका हातात डाव. डाव कधी हलायचाच नाही."

मादाम केर्वेलांनी वही काढली. "म्हणजे स्वयंपाकाला नकार?"

"नकार कसला? विसरायची."

त्यांनी तेही लिहून घेतलं. बाई वाईट नव्हत्या, लुसिलला वाटलं. त्या बेर्तच्या चारही कादंबऱ्या जवळजवळ पाठ म्हणू शकत होत्या; या टेबलाभोवतीच्या कुणालाच ते जमलं नसतं. फक्त त्यांना प्रत्येक गोष्टीचं कारण हवं होतं, आणि ते हाताशी नसलं तर त्या सोबत घेऊन यायच्या.

ससा संपला, सॅलड आलं, जिरं लावलेलं मुन्स्तेर चीज आलं. आत्या वाढत होती, हसत होती आणि करारपत्राचा विषय निघाला की पाव आणायला उठत होती. टेबलावर तीन टोपल्या पाव जमला. शेवटी मादाम केर्वेला म्हणाल्या, "मी प्रस्तावना लिहून आणलीय. छापण्याआधी घरच्यांनी ऐकावी असं वाटतं. तीस पानं आहेत, मी एकच परिच्छेद वाचते."

त्यांनी चष्मा लावला.

"'पंधरावं प्रकरण हरवलेलं नाही. ते लिहिलंच गेलं नाही. वनरक्षक आन्सेल्म कोल्नो यांच्या घरात, पतीच्या मूक धाकाखाली, लेखिकेच्या हातून लेखणी हळूहळू काढून घेतली गेली. शेवट न लिहिणं हा तिच्या हाती उरलेला एकमेव निषेध होता.'"

"वा," थिएरी म्हणाला. "जोरदार आहे."

जिल्बेरनं चीजची सुरी खाली ठेवली. लुसिलनं बाबांकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते. त्यांचा राग नेहमी तिथूनच सुरू व्हायचा.

"कुणाचा धाक?"

"मूक धाक," मादाम केर्वेला म्हणाल्या. "त्या काळच्या घरांमधून तो..."

"बाई, माझे वडील दर शनिवारी संध्याकाळी त्या पायरीवर बसून तिच्या सहा पेन्सिलींना टोक करायचे. खिशातल्या चाकूनं. सहा. बूट काढायच्या आधी."

"मी नाकारत नाही. पण मग १९५२ नंतर तिनं एक ओळही का लिहिली नाही? काहीतरी घडलं असणार."

"काय घडलं ते मला माहीत नाही. पण ते त्यांनी केलं नाही. मी सही करत नाही."

"मामा!" थिएरी उभाच राहिला. "दोन वर्षं तुम्हीच आईच्या मागे लागला होतात."

"तेव्हा हे तीस पानांचं आरोपपत्र नव्हतं."

"आई, तू तरी समजाव ना मामाला."

"मी कशी समजावणार?" आत्या म्हणाली. "मीच नाही म्हणतेय."

आईच्या अक्रोडी लाकडाच्या कपाटाच्या वाटणीवरून भांडण झाल्यापासून बहीणभाऊ एका बाजूला असे आज पहिल्यांदाच आले होते, आणि दोघांनाही ते अवघड जात होतं. जिल्बेरनं खुर्ची बहिणीकडे वळवली. "ताई, तू सतरा वर्षांची होतीस, मी चौदाचा. तुला जास्त आठवत असेल. सांग हिला. बाबांनी कधी अडवलं का आईला?"

पाव आणायला आत्या अर्धवट उठली, टोपल्यांकडे पाहिलं, आणि परत बसली.

"नाही," ती म्हणाली. "बाबांनी नाही. मी."

*

तिनं सांगितलं ते असं. आणि सांगताना ती सबंध वेळ लुसिलकडे बघत होती, कारण बाकी तिघांकडे बघणं तिला जमत नव्हतं.

बेर्त याच टेबलावर लिहायची. कच्चं लिखाण पेन्सिलीनं. रविवारी ते शाईनं पक्कं उतरवून काढायची, आणि एक पान उतरवून झालं की त्या कच्च्या पानावर वरच्या उजव्या कोपऱ्यापासून खालच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत एकच तिरकी रेघ मारायची. रेघ मारलेलं पान खालच्या ड्रॉवरमध्ये जायचं. सप्टेंबरात त्याच्या चकत्या कापायच्या, मिराबेलच्या दारूत बुडवायच्या आणि बुरशी धरू नये म्हणून बरणीतल्या जॅमवर ठेवायच्या. घरातला नियम एकच: रेघ असेल तरच कात्री.

हे लुसिललाही माहीत होतं. ड्रॉवरमधला तो साठा तिच्या लहानपणापर्यंत पुरला होता. आजीचं पहिलं वाक्य तिनं एका चकतीवरच वाचलं होतं: 'आणि तिनं खिडकी उघडली नाही, कारण'. कारण चकतीबाहेर राहिलं होतं.

"बावन्न सालचा जॅम करपला," आत्या म्हणाली. "आई लिहीत बसली होती. चिडली, पण टाकून थोडाच देणार? बरण्या भरल्या. मला म्हणाली, चकत्या काप. त्या संध्याकाळी गावात नाच होता. मला जायची घाई. ड्रॉवर अर्धा उघडा होता आणि वर टेबलावर पानं पडली होती. मी हाताला आली ती उचलली. कापली, बुडवली, ठेवली, गेले."

"मग?"

"मग सोमवारी आई ड्रॉवर उघडून उभी होती. बराच वेळ. बंद केला. काही बोलली नाही. चुलीजवळच्या डब्यात कागदाचं एक कातरण उरलं होतं, त्यावर शेवटच्या प्रकरणातली नावं होती. तेव्हा मला कळलं मी काय कापलंय. त्यानंतर तिनं लिहिलं नाही. मी कधी विचारलं नाही, तिनं कधी सांगितलं नाही." तिनं टेबलावरचा चुरा बोटानं गोळा केला. "आता तुम्ही ते पुस्तक छापणार. शेवटी कोरं पान. आणि प्रत्येक माणूस विचारणार, शेवट कुठाय?"

मादाम केर्वेलांनी वही मिटली होती, हे लुसिलला आवडलं.

"आत्या," ती म्हणाली, "त्या पानांवर रेघ नव्हती हे तू पाहिलंस?"

"पाहिलंच नाही ना. तोच तर गुन्हा."

"म्हणजे रेघ नव्हती असं तुला माहीत नाही. तू पाहिलं नाहीस, एवढंच माहीत आहे."

"ए, प्रयोगशाळेतलं बोलू नकोस माझ्याशी."

"त्या बरण्या कुठायत?"

"बाकीच्या आईनं पाद्रीबाबांना दिल्या. पुढच्या वर्षी त्यांनी निरोप पाठवला, या खेपेला फक्त अंडी पुरेत. अकरा उरल्या. तळघरात, वरच्या फळीवर."

"त्या?" जिल्बेर म्हणाला. "त्या विषारी आहेत ना? तू सांगितलं होतंस."

"चौदा वर्षांच्या पोराला दुसरं काय सांगणार?"

"सेहेचाळीस वर्षं मी त्या फळीला हात लावला नाही, ताई. वाइनसुद्धा खालच्या फळीवर ठेवली."

*

थिएरी शिडीवर चढला, कारण सगळ्यांत उंच तोच. अकराही बरण्या चिठ्ठ्या भिंतीकडे करून ठेवल्या होत्या. लुसिलनं त्या वर आणून खिडकीपाशी ओळीनं मांडल्या. आतला ऐवज काळा, कडेला साखरेचे खडे धरलेला.

"दारूत शाई पुसली असेल," थिएरी म्हणाला.

"शाई पुसली असती. पेन्सिलीचं शिसं दारूत विरघळत नाही, साखरेत नाही, कशातच नाही." लुसिलनं एका बरणीच्या तोंडावरचा दोरा कापला, वरचा कडक झालेला पापुद्रा सोडवला आणि किटलीच्या वाफेवर बरणी धरून लोण्याच्या सुरीनं चकती हळूच उचलली. ती चहासारखी तपकिरी झाली होती. तिनं ती पांढऱ्या बशीवर पसरली.

बेर्तचं बारीक, मागे झुकणारं अक्षर. नऊ ओळी, दोन्ही टोकांना कापलेल्या. रेघ नव्हती.

आत्यानं मान हलवली, जशी डॉक्टरकडे अपेक्षित उत्तर ऐकून माणसं हलवतात. "झालं समाधान?"

लुसिल तिच्याकडे बघत नव्हती. ती कागदी रुमालावर चौकट काढत होती. "एका पानातून तू किती चकत्या काढायचीस?"

"सहा. दोन-दोनच्या तीन ओळी. कमी काढल्या तर आई ऐकवायची."

"मग हे बघ." तिनं चौकटीत सहा गोल काढले आणि उजवीकडून डावीकडे तिरकी रेघ ओढली. "वरचा डावा गोल आणि खालचा उजवा. या दोघांवर रेघ येऊच शकत नाही. मधल्या दोघांवर येईल ती अगदी कडेला. सहात दोन कोरे जाणार. एका चकतीवरून काही ठरत नाही."

"ही तुझी मुलगी," आत्या भावाला म्हणाली, "लहानपणी पण मला अशीच छळायची."

"दुसरी उघड," जिल्बेर म्हणाला.

दुसऱ्या चकतीवर रेघ होती. मधोमध, ओळींवरून आडवी गेलेली, पट्टी न लावता एका झटक्यात मारलेली. तिसरीवर कडेला होती, नखाएवढी. चौथी कोरी. पाचवी, सहावी, सातवी. थिएरी दोरे कापत होता, जिल्बेर किटली धरून उभा होता, मादाम केर्वेला एकेक बशी पुढे सरकवत होत्या आणि घरातल्या बशा संपल्यावर पिरिचांवर आल्या. अकरापैकी सातांवर रेघ होती, चारांवर नव्हती.

"सहात दोन कोऱ्या, अकरांत चार. हिशेब जुळतो. म्हणजे सगळी पानं उतरवून झाली होती," लुसिल म्हणाली. "शाईनं. आजीनंच ती तुझ्यासाठी बाजूला काढली होती. ड्रॉवरमध्ये टाकायचं राहिलं, एवढंच. तू बरोबर पानं कापलीस, आत्या."

आत्या खुर्चीत बसली. तिनं एक पिरीच उचलली, चष्म्याशिवाय डोळ्यांजवळ नेली आणि त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग पुन्हा एकदा, उलट दिशेनं.

"मग पक्की प्रत कुठाय?" थिएरीनं विचारलं.

सगळ्यांनी मादाम केर्वेलांकडे पाहिलं. त्या शेवटच्या बशीवर वाकल्या होत्या. "'तिनं पेला विसळला, उपडा ठेवला, आणि म्हणाली, झालं, आता एवढं पु...'" त्या थांबल्या. "इथं कापलंय. मला माहीत नाही कुठाय. तिनं फाडली असेल. कुणाला पाठवली असेल. का थांबली, तेही मला माहीत नाही." त्यांनी 'माहीत नाही' दोन्ही वेळा नीट, सावकाश म्हटलं. "माझी तीस पानं फुकट गेली."

"फुकट कशाला? इकडे द्या," आत्या म्हणाली. "चांगला जाड कागद आहे."

हसायला पहिली सुरुवात जिल्बेरनं केली. पण आत्या हसत नव्हती. तिचा चेहरा लाल झाला होता, आणि तिचे कानसुद्धा भावासारखेच होते हे लुसिलच्या आज पहिल्यांदा लक्षात आलं.

"एक शब्द बोलली असती," आत्या म्हणाली. "एक. रोज माझ्या समोर बसून सूप प्यायची. चौदा वर्षं त्यानंतर. अगं आई, तुला कंटाळा आला, तुझं लिहून झालं, तुला दुसरं काही करावंसं वाटलं, सांग की. मी इथं..."

"तिला काय माहीत, ताई, तुझ्या डोक्यात काय चाललंय ते?" जिल्बेर हळू आवाजात म्हणाला. "तूही विचारलं नाहीस."

"तू गप रे."

"गप बसलो."

आत्यानं चमचा घेतला, जवळची बरणी ओढली, काळ्या जॅममध्ये तो रोवला आणि बऱ्याच खटपटीनं एक खडा सुटला तो तोंडात टाकला. चौघं तिच्याकडे बघत राहिले.

"कसाय?" थिएरीनं विचारलं.

"करपलाय."

मादाम केर्वेलांनी हात पुढे केला. त्यांनाही चमचा मिळाला. त्यांनी खाल्लं, आणि पाद्रीबाबांच्या मानानं त्या फारच सभ्य वागल्या.

"करारपत्र आणलंय ना?" आत्यानं विचारलं.

"दोन प्रती. पण मला प्रस्तावना नव्यानं लिहावी लागेल."

"त्यात सहा पेन्सिली येतील," जिल्बेर म्हणाला. "आणि बूट."

"येतील."

"आणि ससा करपायचा, तेही," आत्या म्हणाली. "थिएरी, तोंड वाकडं करू नकोस."

दोघांनी सह्या केल्या. जिल्बेरनं नावाखाली नेहमीचा फराटा मारला. आत्यानं शाळेतल्यासारखं पूर्ण नाव लिहिलं, जिझेल बेर्त मारी, आणि शाई वाळेपर्यंत हात कागदावर पडू दिला नाही. मग ती उठली. टोपल्यांतली मिराबेल अजून तशीच होती आणि तांब्याचं भांडं रिकामं होतं.

"लुसिल, चूल पेटव. बरण्या किती होतील?"

"चोवीस. एखादी कमीजास्त."

"म्हणजे चार पानं."

तिनं खालचा ड्रॉवर उघडला, गेल्या वर्षीचं करारपत्र काढलं आणि पानं मोजली. चारच होती. कात्री घेतली, ती बाजूला ठेवली, आणि चष्मा शोधून डोळ्यांवर चढवला. मग पेन्सिल घेऊन पहिल्या पानावर वरच्या उजव्या कोपऱ्यापासून खालच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत एक तिरकी रेघ मारली. दुसऱ्यावर मारली. तिसऱ्यावर, चौथ्यावर. चारही पानं उजेडात धरून एकेक रेघ नीट पाहिली, आणि कापायला बसली.